वाटपाआधी टेप हातात घे

अगं, कुपोषित पोरांना जेवण द्यायचंय ना, मग आधी वाटप नको, मोजायची टेप घे. ६ महिने ते ५ वर्षांच्या पोरांचा दंड मोजायचा, ११.५ सेंमीच्या खाली आला किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली तर ते तीव्र कुपोषण, तिथे आपलं जेवण पुरत नाही, थेट डॉक्टरकडे पाठव. ११.५ ते १२.५ मधली मुलं मात्र आपली, त्यांना आपण जेवण द्यायचं. आणि डबा घरी दिला की तो सगळ्यांत वाटला जातो (आईला दोष देऊ नकोस, घरात चार तोंडं असतात) म्हणून शक्यतो समोर बसवून भरव, पोट एवढुसं असतं, ताटभर वाढून उपयोग नाही, थोडं थोडं चारपाच वेळा. वजन लिहून ठेव, जुलाब झाले की लगेच घसरतं.