१९५१ साली एकही सामना न हरलेल्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला बाउलचं, म्हणजे हंगामानंतरच्या मानाच्या निमंत्रित सामन्याचं, आमंत्रण का मिळालं नाही? वेळापत्रक कच्चं होतं म्हणून?

नाही. संघात ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते म्हणून. ‘दोघांना सोडून या’ असा निरोप आला आणि संघाने तो नाकारला. वेळापत्रकाची सबब इतकी वर्षं पुढे केली जातेय आणि जाणकार म्हणवणारेही ती निमूट मान्य करतात, त्याचा मला मनापासून राग येतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी आमंत्रणं कशी निघायची ते बघा. तेव्हा प्लेऑफ नव्हता. हंगाम नोव्हेंबरअखेर उरकायचा आणि प्रत्येक बाउलची स्थानिक समिती, म्हणजे त्या शहरातली व्यापारी आणि वजनदार मंडळी, १ जानेवारीच्या आसपासच्या सामन्यासाठी आपल्या पसंतीचे संघ बोलवायची. रोझ बाउल १९४७ पासून करारानेच बांधलेला होता: एक संघ बिग टेनचा, दुसरा पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सचा (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट). सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ, म्हणजे डॉन्स, कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हते, म्हणजे घराजवळचा तो दरवाजा कायमचा बंद. मोठ्यांपैकी उरले न्यू ऑर्लिन्सचा शुगर, मायामीचा ऑरेंज, डॅलसचा कॉटन, जॅक्सनव्हिलचा गेटर आणि एल पासोचा सन. सगळी शहरं दक्षिणेतली, जिथे शाळा, बस, हॉटेल, सगळीकडे कायद्याने गोरे-काळे वेगळे. तिथल्या समितीला तिकिटं कुणाला विकायची होती आणि कुणाला दुखवायचं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आता वेळापत्रकाचा मुद्दा. तो खोडायला तीन निकाल पुरतात. १९५१ च्या हंगामात कॉलेज ऑफ द पॅसिफिकने क्लेमसनला २१–७ हरवलं. त्याच पॅसिफिकला डॉन्सनी स्टॉकटनमध्ये ४७–१४ असं धुतलं. आणि गेटर बाउलला आमंत्रण कुणाला? क्लेमसनला! साउथ कॅरोलायनाकडून २०–० हरल्यानंतरसुद्धा. समोर मायामी, तेही तीन सामने हरलेले. मायामीने तो सामना १४–० जिंकला. राहता राहिलं पॅसिफिक, तर त्यांना सन बाउलने बोलावलं आणि टेक्सस टेकने त्यांना २५–१४ हरवलं. म्हणजे हरलेल्याला पान वाढलं, त्याने ज्याला हरवलं त्यालाही वाढलं, आणि त्या दोघांच्या वरचा ९–० संघ उपाशी. यात कच्चं वेळापत्रक कुठे बसतं ते मला कुणी समजावून सांगावं.

वेळापत्रकात लिंबूटिंबू होते हे खरंच आहे. नऊ सामन्यांत सॅन होजे स्टेट दोनदा, कॅम्प पेंडलटनचा मरीन तळ आणि सॅन दिएगोचा नौदल प्रशिक्षण तळ. पण हे संघ यादीत का येतात तेही पाहा. स्वतंत्र संघाला तारखा भीक मागितल्यासारख्या गोळा कराव्या लागत. कॉन्फरन्समधल्या बड्या संघांची बहुतेक वेळ आपापसातच भरलेली असायची, आणि एका छोट्या जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाच्या) कॉलेजकडून हरण्यात त्यांचं सगळंच जाणार, जिंकून फारसं काही मिळणार नाही. मग उरतात लष्करी तळ. तेही अगदीच पोरखेळ नसत. कोरियन युद्ध चालू होतं आणि भरती झालेली कॉलेजची तयार पोरं तळाच्या संघातून खेळायची.

आणि वेळापत्रकाची सबब ज्या सामन्याने फोल ठरते तो म्हणजे न्यूयॉर्कमधला फोर्डहॅमविरुद्धचा सामना. २० ऑक्टोबर १९५१, रँडल्स आयलंडचं ट्रायबरो स्टेडियम. पूर्वेकडच्या पत्रकारांनी डॉन्सना प्रत्यक्ष बघण्याची ती एकुलती संधी. निकाल ३२–२६. मॅटसनने तीन टचडाउन केले (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण), त्यातले दोन थेट किकऑफवरून, म्हणजे समोरच्यांनी लाथेने मारलेला चेंडू धरून, एक ९४ यार्डांचा आणि एक ९० यार्डांचा. नुसता आकडा वाचून याची किंमत कळत नाही, म्हणून जरा सविस्तर. त्या वेळी कॉलेजात किकऑफ मारणाऱ्या संघाच्या ४० यार्ड रेषेवरून व्हायचा. ९४ यार्ड म्हणजे मॅटसनने चेंडू स्वतःच्या ६ यार्डावर धरला, ९० म्हणजे १० यार्डावर. चेंडू हवेत असेपर्यंत समोरचे दहा जण पूर्ण वेगात मैदान ओलांडत येतात, प्रत्येकाला आपापली पट्टी ठरवून दिलेली. तो पट्टीत राहिला तर धावणाऱ्याला बाहेर फुटायला जागा नाही. एकाने जरी घाईने चेंडूकडे झेप घेतली की त्याची पट्टी उघडी पडते. धावणाऱ्याचं कौशल्य असं की पहिले वीसेक यार्ड आपल्या अडवणाऱ्यांच्या भिंतीमागे सरळ जायचं, लवकर वळायचं नाही, आणि ती फट दिसली की एकदाच दिशा बदलून सुटायचं. दोनदा दिशा बदलली की वेग गेला, मागून धरलाच. एकदा असं जमलं तर नशीब म्हणता येईल. त्याच दुपारी, त्याच संघाविरुद्ध, एकदा भाजल्यामुळे सावध झालेल्या फळीतून दुसऱ्यांदा जमतं तेव्हा तो खेळाडूच वेगळ्या दर्जाचा असतो. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ बाय ४०० रिलेत रौप्य मिळवलं, यावरून शेवटच्या पन्नास यार्डांत त्याला कुणी का गाठू शकत नव्हतं ते कळेल. हिशेबही करा: सामना सहा गुणांनी जिंकला, त्या दोन धावांचेच बारा गुण. मॅटसनला घरी ठेवून बाउलला या, असं म्हणणं म्हणजे काय मागणं होतं ते यावरून लक्षात यावं.

हंगामअखेर त्याच्या नावावर धावून काढलेले १,५६६ यार्ड आणि २१ टचडाउन होते, दोन्हींत देशात पहिला. आणि तो बचावालाही खेळायचा. १९४१ पासून खेळाडू बदलण्याची मोकळीक मिळाल्यामुळे मोठ्या कॉलेजांनी हल्ल्याची आणि बचावाची वेगळी फळी ठेवायला सुरुवात केली होती, पण डॉन्सकडे तेवढी माणसं आणि तेवढ्या शिष्यवृत्त्या नव्हत्या. म्हणून प्रशिक्षक जो कुहारिचचा सगळा भर दमावर. उन्हाळ्यात त्याने पोरांना उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॉर्निंगला नेलं, भर उन्हात घाम गाळून घेतला. चौथ्या क्वार्टरमध्ये उभे राहतील तेवढेच टिकले. त्या टिकलेल्यांत जिनो मार्केटी होता, बॉब सेंट क्लेअर होता, क्वार्टरबॅक एड ब्राउन होता. मॅटसन आणि मार्केटी १९७२ साली व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, सेंट क्लेअर १९९० मध्ये. संघाची प्रसिद्धी बघणारा पोरगा पीट रोझेल, तो पुढे एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, कमिशनर झाला. एका छोट्या कॉलेजच्या एकाच हंगामातली ही माणसं, आणि त्यांचा एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीच्या यादीतला क्रमांक १४ वा!

टोलरबद्दल लोक कमी बोलतात, ते मला खटकतं. लाइनबॅकर म्हणून, म्हणजे बचावात, तो मॅटसनच्या तोडीचा होता. क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं होतं, पण १९५२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोतल्या कॉलेज ऑल-स्टार सामन्यात गुडघा गेला आणि खेळणं संपलं. तो शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक, आणि १९६५ मध्ये एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच. १९८० चा सुपर बाउल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, पॅसाडिनाच्या रोझ बाउल स्टेडियमवर झाला, त्यात तो हेड लाइन्समन (पंचांपैकी एक) होता. १९५१ चा डॉन्सचा शेवटचा सामना, लोयोलावरचा २०–२ विजय, याच मैदानावर झाला होता.

बाउलवाल्यांचा हेतू काय होता याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही. मागची-पुढची उदाहरणं लावून बघा. १९४० चा कॉटन आणि १९४१ चा शुगर बाउल: बोस्टन कॉलेजने आपल्या कृष्णवर्णीय लू मॉन्टगोमेरीला बाहेर बसवलं आणि खेळून आले. १९४८: सन बाउलने लाफायेट कॉलेजला बोलावलं, पण डेव्हिड शोवेल नको म्हणाले. कॉलेजने आमंत्रणच नाकारलं. १९५६ चा शुगर बाउल: पिट्सबर्गचा बॉबी ग्रियर खेळणार म्हणताच जॉर्जियाच्या गव्हर्नरने जॉर्जिया टेकने जाऊच नये म्हणून आरडाओरडा केला. सामना झाला, आणि त्याच वर्षी लुइझियानाने गोरे-काळे एकत्र खेळण्यावर कायद्यानेच बंदी घातली. या रांगेत १९५१ ठेवलं की चित्र साफ दिसतं.

आमंत्रण हुकल्याची किंमत निव्वळ मानापमानाची नव्हती. फुटबॉलचा सुमारे ७०,००० डॉलरचा तोटा विद्यापीठाच्या डोक्यावर होता. मोठ्या बाउलच्या वाट्यातून तो बराचसा भरून निघाला असता. तो आला नाही आणि हंगाम संपताच विद्यापीठाने संघ बंद केला. अर्थात एका बाउलने संघ कायमचा वाचला असता असंही मी म्हणणार नाही. १९५० पासून शहराचा व्यावसायिक संघ फोर्टी नायनर्स एनएफएलमध्ये आला होता आणि डॉन्सच्याच घरच्या केझार स्टेडियमवर खेळत होता. दोन फळ्यांच्या पद्धतीने खर्च वाढला होता. शेजारच्या सेंट मेरीजने आधीच हात टेकले होते, लोयोलाने त्याच हंगामानंतर, सांता क्लाराने १९५२ नंतर. सेंट क्लेअरला शेवटच्या वर्षासाठी टल्साला जावं लागलं. कुहारिच शिकागो कार्डिनल्सचा प्रशिक्षक झाला, आणि त्याच कार्डिनल्सनी मॅटसनला ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पुढे १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने एकट्या मॅटसनच्या बदल्यात नऊ जण दिले. तो सौदा करणारा रॅम्सचा जनरल मॅनेजर म्हणजे आपला पीट रोझेल.

कुणी एपीचा चौदावा क्रमांक तोंडावर फेकला तर दोन गोष्टी विचारा. ती शेवटची यादी तेव्हा बाउलच्या आधी ठरायची. त्या वर्षी पहिला क्रमांक टेनेसीचा होता आणि शुगर बाउलमध्ये मेरीलँडने त्यांना २८–१३ हरवलं, तरी यादी तशीच. आणि मत देणाऱ्यांपैकी किती जणांनी केझारवर पाऊल ठेवलं होतं?

आता बाकीच्या बाजू. शुगर बाउलवर गुणवत्तेच्या नावाने बोट ठेवता येत नाही, टेनेसी आणि मेरीलँड दोघेही अपराजित होते. ऑरेंजमधलं जॉर्जिया टेकही त्या वर्षी हरलं नव्हतं. दक्षिणेतली सगळी दारं सारखीच बंद होती असंही नाही: १९४८ च्या कॉटन बाउलमध्ये पेन स्टेटचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू डॅलसमध्ये खेळले होते. माझा रोख मुख्यतः गेटरवर आहे, कारण तिथे क्लेमसन आहे. आणि ‘दोघांना सोडून या’ या निरोपावर पोरांनी रीतसर मतदान केलं की बसल्या जागी सगळे एकदम नाही म्हणाले, यावर खेळाडूंच्याच आठवणी वेगवेगळ्या आहेत. मॅटसन आणि टोलरला वगळून जायला कुणी तयार नव्हतं, यावर मात्र त्यांच्यात कधी दुमत झालं नाही.