वाचक विचारतात : मागाची खटखट एकाच गाण्यात का?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगारांच्या घरांवर लिहिलेल्या गाण्यांचा अल्बम नुकताच आला. त्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना गीतकार बाईंनी दिलेली ही उत्तरं.

अल्बम यंत्रमागाच्या वस्तीवरचा. आम्हाला वाटलं, प्रत्येक गाण्यात मागाची खटखट असेल. ती फक्त तिसऱ्या गाण्यात ऐकू येते. असं का?
— एक वाचक, अक्कलकोट

कारण कारखान्यात कुणी गात नाही. माझे वडील चादरीच्या मागावर होते. त्यांचा डबा घेऊन मी जायचे, तेव्हा दारातूनच हात हलवून सांगायचं की डबा ठेवलाय. हाक मारून उपयोग नसायचा. आडवं सूत नेणारा धोटा या टोकाचा त्या टोकाला आपटतो, फणी ठोकते, वर नक्षी ठरवणारे जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे फिरत असतात, आणि असे माग एका छताखाली ओळीनं चालू असतात. तिथली माणसं ओठांकडं बघून बोलणं ओळखतात. अशा ठिकाणी माणूस तान कसली घेणार! गाणं सुरू होतं ते पाळी सुटल्यावर. चहाच्या गाड्यावर, भजनाला बसल्यावर, नाहीतर घरी पोर झोपवताना. म्हणून मी ठरवलं की विणकर गात असेल तेव्हा माग बंद असणार. मागाचा आवाज मागे लावून वर गोड चाल म्हटली, की ऐकणाऱ्याला कारखाना आनंदाची जागा वाटायला लागते. ते मला नको होतं.

तिसरं गाणं लाइट गेल्याचं आहे. सुरुवातीला नुसते माग चालतात, शब्द एकही नाही. मग वीज जाते, माग एकेक करून थांबतात, आणि तिथून बाईचा आवाज सुरू होतो. तो भाग आम्ही खऱ्या कारखान्यात रेकॉर्ड केला. शेजारी शेजारी चालणारे दोन माग कधीच अगदी एका गतीनं चालत नाहीत. त्यांचे ठोके जवळ येतात, काही क्षण एक होतात, पुन्हा फाटतात. संगणकावर ते एका लयीत बसवून घेणं सोपं होतं, आमच्या संगीतकारांनी तसं करूनही दाखवलं. मी नको म्हटलं. एक होण्याचा तो क्षण आपसूक येतो, म्हणूनच अंगावर काटा येतो. ढोलकीवाल्यांनीही तिथं हात आवरला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

बाकीचं गायन घरातल्याच एका खोलीत झालं. भिंतींना सगळीकडून चादरी टांगल्या होत्या. जाड सुती कापड आवाजाचा घुमारा चांगला पितं, पण खालचा दणका त्याला अडत नाही. गल्लीतल्या मागांचा हादरा जमिनीतून माइकपर्यंत यायचा. म्हणून गाण्याचं काम कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी.

चाल आधी की शब्द आधी?
— कॉलेजची विद्यार्थिनी, पंढरपूर

माझ्याकडं तरी आधी हात येतात. गाणाऱ्या माणसाचे हात त्या वेळी काय करतायत, हे कळल्याशिवाय मला पहिली ओळ सुचत नाही. माझी आई विड्या वळायची. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं, त्यात चिमूटभर तंबाखू, मग वळायचं, तोंड दाबायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागं ठरते, त्यामुळं बोटं थांबवून चालत नाही. पण दोरा आवळताना श्वास क्षणभर अडतो. मी आईशेजारी बसून ते कितीदा पाहिलंय! त्या कामात लांब ओळ गाता येतच नाही. म्हणून विडीच्या गाण्याला अष्टाक्षरी घेतली:

ओल्या पानावर कात्री,
सुपामधी गं तंबाखू;
बोटं चालती आपली,
डोळे दाराकडं राखू.

दाराकडं, कारण पोरं शाळेतून यायची असतात. कोरसला आमच्याच गल्लीतल्या बाया आहेत. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या की अवघडायच्या, आवाज घशातच राहायचा. मग त्यांना मांडीवर सूप घेऊन खाली बसवलं. नीट ऐकलंस तर कात्रीचा आवाज येईल. तो तसाच ठेवलाय.

भाषा थोडी प्रमाण ठेवली असती तर इकडच्या श्रोत्यांनाही नीट समजली असती, असं नाही वाटत?
— एक वाचक, पुणे

गाण्यातली बाई दुसऱ्या बाईशी बोलते आहे, पुण्याच्या श्रोत्याशी नाही. ‘काय करूलालीस गं’ असंच ती विचारणार. आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू, दुकानात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडच्या गल्लीत दखनी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी याच गावात कन्नडमध्ये वचनं लिहिली, पुढं शाहीर राम जोशींनी मराठीत लावण्या रचल्या. दोन्ही सोलापूरचीच. एखादा शब्द अडला तर जरूर लिहा, मी अर्थ कळवीन. पण बाईच्या तोंडचं बोलणं बदलणार नाही.

चार हुतात्म्यांच्या गाण्याला एकही वाद्य नाही. पैशांची अडचण होती का?
— निवृत्त शिक्षक, सोलापूर

नाही सर, अडचण पैशांची नव्हती. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर उठलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं, हे तुम्ही आम्हाला वर्गात शिकवलेलंच आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. या चौघांवर लिहायचं तर विशेषणांचा ढीग पडतो. वीर, अमर, नरसिंह. मी कागदावर आधी नुसती नावं लिहिली:

मल्लप्पा, श्रीकिसन,
जगन्नाथ, कुर्बान.

आणि मात्रा मोजल्या, लघूची एक, गुरूच्या दोन. मल्लप्पा सहा, श्रीकिसन पाच. जगन्नाथ सहा, कुर्बान पाच. अकरा आणि अकरा! एक अक्षर इकडचं तिकडं न करता ओळ तयार होती. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान अशा चार घरांतली ही नावं, आणि शेजारी ठेवली तर वृत्तात बसतात. मला त्या दिवशी दुसरं काही लिहिता आलं नाही. सहा मात्रांच्या दादरा तालात म्हटलं तर प्रत्येक अकरानंतर एक मात्रा रिकामी राहते. ती श्वासाची. तिथं तबला आला असता तर त्यानं ती भरून टाकली असती. गाण्याचं धृपद म्हणजे ही दोन ओळीच, विशेषण एकही नाही. 12 जानेवारीला इकडं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी असते, नंदीध्वजांची तयारी असते, आणि त्याच दिवशी आपण चार पुतळ्यांपाशी जातो. लहानपणी शाळेकडून जायचो तेव्हा हीच नावं आम्ही घोषणेत ओरडायचो. ती सावकाश म्हणता यावीत, एवढ्यासाठी हे गाणं.

मी गाणी लिहितो. एक जण चाल लावून देतो म्हणतो, पण आधी सगळे हक्क लिहून दे म्हणतो. काय करू?
— एक तरुण, बार्शी

घाईनं सही करू नकोस. गाणं लिहून झालं की त्याचा कॉपीराइट तुझाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरी वही तारखेसकट जपून ठेव, स्वतःलाच एक ईमेल करून ठेव. 2012 च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कुणाला लिहून देता येत नाही. अपवाद फक्त कायदेशीर वारस आणि कॉपीराइट सोसायटी. आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी अशी सोसायटी आहे, तिचं सभासद होता येतं. हक्क लेखकाच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे तुझ्या नातवंडांपर्यंत. करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं तर तो कागद आधी एखाद्या वकिलाला दाखव. चाल लावणारा भला माणूस असेल तर चार दिवस थांबेल. आणि ती गाणी मलाही पाठव, संपादकांच्या पत्त्यावर. मी वाचून कळवते.