हायड्रोपोनिक्समध्ये रॉकवूलच्या ठोकळ्यांवर हिरवं शेवाळ येतंय. ते कसं थांबवू?

तुम्ही लिहिलंय की गच्चीवर शेडनेटखाली एनएफटीचे पाइप आहेत (मातीऐवजी खत मिसळलेल्या पाण्याचा पातळ थर मुळांखालून वाहत राहतो ती पद्धत), त्यात लेट्यूस आणि बेसिल आहे, रोपं एक इंची रॉकवूलच्या ठोकळ्यांत आहेत. लावणीनंतर आठवडाभरातच ठोकळ्यांचे माथे हिरवे होतात, खरवडले तरी पुन्हा होतात, आणि दुकानदार हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घ्या म्हणतोय. रोपं फेकून द्यावीत का, हेही विचारलंय. रोपं फेकू नका, बाटलीही तूर्त राहू द्या. ठोकळ्यावर पडणारं ऊन आधी बंद करा.

शेवाळाला पाणी, खत आणि उजेड लागतो. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही रोपासाठी देताच आहात, त्या कमी केल्या तर शेवाळाआधी लेट्यूसच मान टाकेल. राहतो उजेड. शेवाळाचे बीजाणू हवेत, धुळीत, नळाच्या पाण्यात असतातच, त्यामुळे ते आत येऊच द्यायचे नाहीत असा बंदोबस्त घरच्या गच्चीवर होत नाही. मोठमोठ्या पॉलिहाऊसमध्येही होत नाही. ठिबक वापरणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. लॅटरल, म्हणजे रोपांपर्यंत पाणी नेणारी नळी, काळी असते ती उन्हात टिकावी म्हणून, तशीच आतल्या पाण्यात शेवाळ धरू नये म्हणूनही. पारदर्शक नळी उन्हात जोडून बघा, काही दिवसांत आतून हिरवी झालेली दिसेल.

आता रॉकवूल. बेसॉल्टसारखा खडक वितळवून त्याचे धागे काढतात आणि त्यांचा हा ठोकळा करतात. तो पाणी जबरदस्त धरतो. एक इंची ठोकळा खालून पाण्याच्या पातळ थराला टेकलेला असला तरी केशाकर्षणाने वरपर्यंत ओला राहतो. म्हणून 'वरचा थर वाळू द्या' हा सगळीकडे मिळणारा सल्ला तुमच्या ठोकळ्यांना लागू पडत नाही. चार इंची ठोकळ्यात किंवा कोकोपीटच्या कुंडीत वरचा थर कोरडा ठेवता येतो, एक इंचीत माथा वाळेपर्यंत रोपही वाळतं. तुमच्याकडे झाकण्याला पर्याय नाही.

झाकायला मी कृषी सेवा केंद्रात मिळणारा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर वापरतो, 25 किंवा 30 मायक्रॉनचा. टरबूज-मिरचीवाले शेतकरी गादीवाफ्यावर अंथरतात तोच. अख्खा रोल घ्यायची गरज नाही, शेतकऱ्याकडे उरलेला तुकडा मागितला तरी गच्चीचं भागतं. ठोकळ्यापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर मोठा चौकोन कापायचा, एका बाजूपासून मध्यापर्यंत सरळ चीर द्यायची आणि मध्ये करंगळी जाईल एवढं भोक पाडायचं. चीर उघडून तो खोडाभोवती सरकवायचा आणि कडा खाली दुमडून पाइपच्या भोकात खोचायच्या. चंदेरी बाजू वर हवी. काळी बाजू वर आली तर मार्च-एप्रिलच्या दुपारी प्लॅस्टिक इतकं तापतं की कोवळ्या रोपाचं खोड टेकल्या जागी भाजतं. भोक खोडाला घट्ट करू नका. हवा खेळली नाही की खोड बुडाशी सडतं, आणि तो रोग शेवाळापेक्षा वाईट. त्या भोकाभोवती हिरवी रेघ दिसेल, ती दिसू द्या.

अॅल्युमिनियम फॉइलही चालते, पण खताच्या आम्लधर्मी पाण्यात ती हळूहळू कुरतडली जाऊन तिला बारीक भोकं पडतात. एखाद्या पिकापुरती घ्यायला हरकत नाही.

हे झाकण लावणीच्या दिवशीच बसवायचं. लेट्यूसचा पाला पसरला की तो स्वतःच ठोकळ्यावर सावली धरतो आणि शेवाळ मागे हटतं. खरी लढाई आहे ती पाला लहान असतानाच्या दोन-तीन आठवड्यांची. शेवाळ हटवणाऱ्या बहुतेक 'रामबाण' उपायांचं श्रेय, माझ्या मते, मोठ्या झालेल्या पाल्याचं असतं. बी पेरलेल्या ट्रेवर मात्र काळं प्लॅस्टिक घालू नका, कारण लेट्यूसच्या बऱ्याच वाणांना उगवायला उजेड लागतो. तिथे बियांवर कोरड्या व्हर्मिक्युलाइटचा (फुगवलेल्या खनिजाचे हलके कण) अगदी पातळ थर भुरभुरवा आणि पाणी वरून न शिंपडता ट्रेच्या तळात ओता. ट्रेमध्ये पाणी साचून राहू देऊ नका, ठोकळे भिजले की उरलेलं काढून टाका.

पुढे कधी माध्यम बदललंत तर गणित थोडं बदलतं. भाजक्या मातीच्या गोळ्यांत वरचे दोन थर कोरडे राहतील एवढीच पाण्याची पातळी ठेवली की काम झालं. कोकोपीटच्या पिशव्यांवर पांढरं प्लॅस्टिक असतंच, रोपासाठी चीर देताना ती गरजेपुरतीच द्या. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की कोरडा ठेवलेला थरही ओला राहतो, तेव्हा तिथेही झाकणच कामाला येतं. आणि वर पांढरी, चुरचुरीत पापुद्र्यासारखी साय दिसली तर ते शेवाळ नाही, पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले खताचे क्षार आहेत. त्यावर इलाज वेगळा: ईसी (पाण्यात खताचे क्षार किती ते दाखवणारा आकडा) तपासा आणि साध्या पाण्याने एकदा माध्यम धुऊन काढा.

तुमच्या प्रश्नात टाकीचा उल्लेखच नाही, आणि मला जास्त काळजी तिची वाटते. ठोकळ्यावरची हिरवळ बहुतांशी दिसायला वाईट, एवढंच. टाकीत आणि पाइपात शेवाळ माजलं तर नुकसान मोजता येतं. दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच चढतो. सकाळी 6 असलेला पीएच दुपारी उगाच वर गेलेला दिसला तर आधी टाकीत डोकावा, मग पीएच डाउनच्या (पीएच खाली आणणाऱ्या आम्लाच्या) बाटलीला हात लावा. रात्री तेच शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन वापरतं. तो आधीच बेताचा असतो: 20 अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशी सहज ओलांडतं. मुळं गुदमरली की पिथियममुळे होणारी मूळकूज आयती संधी साधते.

उजेड कुठून शिरतो ते शोधायला उपकरण लागत नाही. रात्री दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावून पाइपच्या तोंडात ठेवा आणि बाहेरून बघा. स्वस्तातला पातळ पांढरा पीव्हीसी पाइप अख्खा कंदिलासारखा उजळतो. जिथे उजेड बाहेर येतो तिथूनच दिवसा ऊन आत जातं. असा पाइप असेल तर बाहेरून पॉलिश पेपर मारून आधी काळा रंग आणि तो वाळला की वर पांढरा रंग द्या. काळा उजेड अडवतो, पांढरा पाइप तापू देत नाही. टाकीलाही हेच, किंवा काळ्या टाकीवर पांढरं कापड गुंडाळा. रोप काढल्यावर मोकळी राहिलेली भोकं बंद करा. माझ्या बघण्यात सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे परतीचा पाइप टाकीत पडतो ते तोंड. झाकणाला तिथे हवं त्यापेक्षा दुप्पट मोठं भोक पाडलेलं असतं आणि दिवसभर त्यातून उन्हाचा झोत पाण्यावर पडत असतो. फोमचा तुकडा कोंबला तरी पुरे. याचा आणखी एक फायदा होतो. खतातलं चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) उन्हाने फुटतं, ते अंधारात टिकतं आणि कोवळी पानं पिवळी पडायची तक्रार कमी होते.

ठोकळ्यावरच्या शेवाळाचं एक लचांड मात्र खरं आहे, बारीक माश्या. डासासारखी किरकोळ, लांब पायांची माशी दिसली तर तिच्या अळ्या मुळं खातात. घरमाशीचं पिल्लू वाटावं अशी जाडसर आणि पंखांवर फिकट ठिपके असलेली माशी शेवाळावर जगते. दोघीही एका रोपाची मूळकूज दुसऱ्या रोपाला पोहोचवू शकतात. पिवळे चिकट सापळे रोपांच्या उंचीवर टांगा. सापळ्यावर माश्या वाढत असतील तर कुठल्या तरी झाकणाखाली ओलसर हिरवळ शिल्लक आहे असं समजा.

आता पेरॉक्साइड. ते शेवाळ मारतं हे खरं. पण एक-दोन दिवसांत त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, ऊन मात्र रोज येतं, म्हणून बाटलीही दर आठवड्याला लागते. मुळांच्या रक्षणासाठी ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलससारखे उपयोगी सूक्ष्मजीव सोडत असाल तर तेही त्यात मरतात. शिवाय टाकीभर शेवाळ एकदम मारलंत तर मेलेला गाळ त्याच पाण्यात कुजतो आणि पंपाची जाळी तुंबते. वापरायचंच असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं 3 टक्क्यांचं घ्या आणि लिटरला 2-3 मिलीच्या वर जाऊ नका. 50 टक्क्यांचा औद्योगिक कॅन कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, त्याने कातडी भाजते.

मोरचूद (कॉपर सल्फेट) तर टाकूच नका. शेवाळ जातं, पण ज्या पाण्यात तांबं दशलक्षात एका भागाच्याही बरंच खाली लागतं तिथे चिमूटभर मोरचूद मुळांना जड जातं. तुरटीही नको, ती पाण्यातला फॉस्फेट बांधून खाली बसवते, म्हणजे पिकाचंच खत वाया. कडुलिंबाचं तेल पानांवर ठीक आहे, फिरत्या पाण्यात त्याचा तवंग येतो आणि सगळं चिकट होतं. यूव्ही दिवा फक्त वाहत्या पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळापुरता, ठोकळ्यावर चिकटलेल्याला त्याचा धक्काही लागत नाही, वर तोही लोहाचं चिलेट फोडतो.

पीक काढल्यावर मात्र ब्लीचला पर्याय नाही. घरगुती द्रव ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, पाइप-टाकी-पंप त्यात अर्धा तास फिरवा, नळ्यांतून ब्रश घाला, स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन उन्हात वाळवा. ब्लीच करताना पीएच डाउनची बाटली दूर ठेवा. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि हायड्रोपोनिक्सच्या कोपऱ्यात या दोन बाटल्या हमखास शेजारी असतात. वापरलेलं रॉकवूल पुन्हा वापरू नका. टाकताना ओलं असतानाच पिशवीत भरा, वाळल्यावर त्याचे धागे उडून घशाला आणि कातडीला खाजतात.

सध्या लावलेल्या रोपांचं विचारलंत, तर ठोकळे खरवडू नका, त्याने वरची बारीक मुळं तुटतात. पाल्याखाली बोटं घालून झाकण बसवा. आठवडा-दोन आठवड्यांत खालचं शेवाळ तपकिरी पडून मरेल, ते तसंच राहू द्या. काळं, बुळबुळीत, मातकट वासाचं काही दिसलं आणि रोप दुपारी कोमेजत असेल तर तेवढं एक रोप उपटून मुळं बघा. पांढरी असतील तर परत लावा. तपकिरी होऊन ओढल्यावर साल हातात येत असेल तर ते रोप काढून टाका आणि पाणी बदला. बाकीचा लेट्यूस खायला हरकत नाही. ठोकळ्यापासून दोन बोटं वर कापा, माध्यमाला टेकलेली खालची पानं टाकून द्या आणि बाकीची नेहमीसारखी धुऊन घ्या.