गोळी सोडायची का?

प्रश्न : धाकटा भाऊ ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉइन) घ्यायचा. आता व्यसन सोडवायला जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतो, कामावरही जातो. आई म्हणते, हीसुद्धा नशाच. नुसतं समुपदेशन पुरे.
– एक बहीण, कळवा

उत्तर : ताई, गोळी अजिबात बंद करू नका. ब्राउन शुगर मेंदूतल्या ज्या जागा धरते, त्याच हे औषध धरतं, पण चालना अर्धवट देतं. तलफ, अंगदुखी, जुलाब आवरतात आणि माणूस भानावर राहतो. मध्येच सोडलं की शरीराची सहनशक्ती घटते. मग जुन्या मापाने घेतलेली पुडी श्वास थांबवू शकते. आईंना एवढं तरी सांगाच. समुपदेशनही हवंच. पगाराच्या दिवशी स्टेशनबाहेर जुना दोस्त भेटला तर काय म्हणायचं, याची तयारी मी रुग्णांकडून समुपदेशनातच करून घेते. पण एखादी भेट चुकली म्हणून गोळी थांबवायची नाही. पुढच्या वेळी आईंना सोबत न्या.