डाग गेले की या परत काउंटरवर

"मॅडम, डाग जाईपर्यंत नोकरी सोडून घरीच बसू का?"

मीनाचा (नाव बदललं आहे) हा पहिला प्रश्न. कधी सोरायसिस, कधी डोक्यावर पडलेली चाई, कधी भाजल्याचे व्रण. कारणं बदलतात, पण हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला अनेक जण येतात.

मीना एका सराफी पेढीत सात वर्षं बांगड्यांच्या काउंटरवर होती. तिथे दागिना नुसता दाखवून भागत नाही. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, अंगठा आत दाबायचा आणि दुखू न देता पाटली चढवायची. मीनाचा हात इतका हलका की लग्नाच्या खरेदीला बायका तिचं नाव घेऊन येत. मग तिच्या बोटांच्या टोकांवर कोड उठलं, पुढे मनगटापर्यंत आलं. गणपती झाल्यावर मॅनेजरसाहेबांनी तिला आतल्या खोलीत टॅगिंगला बसवलं. "तुमच्याच सोयीसाठी, ताई. डाग गेले की या परत काउंटरवर." पगार तोच राहिला, पण विक्रीवरचा इन्सेन्टिव्ह थांबला. दिवाळी गेली, लग्नसराई सुरू झाली. डबा खाताना तिची भाजी कुणी घेईनासं झालं.

गोड शब्दांत केलेला अन्याय अन्याय वाटायलाच वेळ लागतो. साहेबांनी कामावरून काढलं नाही म्हणून मीना चार महिने त्यांचे उपकार मानत होती.

पहिल्या दोन भेटींत तिचे हात ओढणीखालीच होते. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "मी गिऱ्हाईक असते, तर असा हात धरू दिला असता का?" मी तिला धीर द्यायची घाई केली नाही. तोच प्रश्न तिला परत विचारला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "नसता दिला. ट्रेमध्ये ठेवा म्हटलं असतं." आणि रडली. माझ्या मते आमचं काम तिथून सुरू झालं. जी भीती तिला लोकांच्या डोळ्यांत दिसत होती, ती लहानपणापासून तिच्याही मनात होती.

त्या भीतीला माहिती हवी होती. कोड स्पर्शानं पसरत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट करते. मासे खाऊन दूध प्यायल्यानं ते होत नाही. साधारण शंभरातल्या एकाला ते असतं. हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग, आणि आपल्याकडेही जुनी माणसं याला 'श्वेतकुष्ठ' म्हणत. पण या दोन आजारांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नावांच्या या गोंधळानं किती जणांचं ताट वेगळं केलं, कितींची लग्नं मोडली!

उपचार आहेत: मलमं, फोटोथेरपी (प्रकाशकिरणांचा उपचार), काहींना त्वचारोपण. त्यांना महिनोन्‌महिने लागतात. आणि बोटांच्या टोकांवर त्यांचा गुण सहसा सगळ्यात कमी येतो. त्वचारोगतज्ज्ञांनी हे सांगितलं, तेव्हा मीनाला साहेबांच्या वाक्याचा अर्थ कळला. 'डाग गेले की' म्हणजे कदाचित कधीच नाही.

म्हणून मी सगळ्यांना कळकळीनं सांगते: उपचार जरूर घ्या, पण तुमची कामावरची जागा त्या उपचारांना बांधून ठेवू नका. मेकअपनं डाग झाकायचे असतील तर स्वतःच्या इच्छेनं झाका, साहेबांच्या अटीवर नको.

आम्ही मालकांना पत्र लिहिलं. बदलीचं कारण लेखी मागितलं, बुडालेल्या इन्सेन्टिव्हचा महिनावार हिशेब दिला, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडलं. आपण निरुपद्रवी आहोत याचा दाखला कुणाला का द्यावा लागावा, हे मला आजही सलतं. तरी तो जोडला, कारण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत कोड नाही, आणि खासगी पेढीत कायद्याचा आधार तोकडा पडतो. कागदावर तारीखवार नोंद असली की निदान "सोयीसाठी" म्हणून विषय मिटवता येत नाही.

मालकांनी तिला बोलावून घेतलं आणि पाडव्याच्या आधी ती काउंटरवर परतली. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी हात मागे घेतला. मीनानं पाटली ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाली, "याला कोड म्हणतात, लागत नाही. तुम्ही स्वतः घालून बघितलीत तरी चालेल." त्या बाईंनी स्वतःच घालायचा प्रयत्न केला. पाटली अंगठ्यापाशी अडकली, तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

बुडालेल्या इन्सेन्टिव्हचं मात्र अजून उत्तर नाही. त्यासाठी दुसरं पत्र मीनानं स्वतः लिहिलंय. माझ्याकडे फक्त शुद्धलेखन तपासायला आणलं होतं.