पहाटेचा चहा आणि सकाळची झोप

प्रश्न : माझी मुलगी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका रुग्णालयात इंटर्न आहे. चोवीस तासांच्या ड्युटीत ती पाच-सहा कप चहा आणि पहाटे कॉफी घेते. सकाळी स्कूटरवरून घरी येते, पण दोन तासांतच जागी होते आणि दिवसभर चिडचिड करते. तिचा चहा बंद करावा का?
– एक आई, कणकवली

उत्तर : ताई, चहा एकदम बंद करायला लावू नका. रोजची सवय अचानक मोडली की डोके ठणकते आणि तिचे हाल वाढतील. ती चहा-कॉफी केव्हा घेते, हे आधी पाहायला हवे. आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोपेची ओढ लागते. चहा-कॉफीतले कॅफिन मेंदूतील त्याची जागा अडवते, म्हणून झोप आल्याचे जाणवत नाही; साचलेले अडेनोसिन मात्र तसेच राहते. शरीरातील निम्मे कॅफिन ओसरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारच्या कॉफीतला निम्मा अंश सकाळी नऊला, ती अंथरुणावर पडते तेव्हा, अंगात असतोच. तेव्हा चहा-कॉफी मध्यरात्रीपर्यंत आटोपावी आणि पुढे सहकाऱ्याशी पाळी ठरवून वीस मिनिटे पडावे.

चहाने झोप भरून निघत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचा एक रुग्ण आला होता. त्याचे रक्त काचेच्या नळीत घेऊन, ते गोठते का (विष भिनले असेल तर ते गोठत नाही) हे पाहण्यासाठी, वीस मिनिटे न हलवता ठेवले होते. चार कप चहा पोटात असूनही नळीसमोर बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. सिस्टरनी वेळेवर नळी पाहून वरिष्ठांना बोलावले होते, म्हणून तो रुग्ण वाचला. ती रात्र मी अजून विसरलेलो नाही.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती त्या स्कूटरची. सलग सतरा तास जागरण झाल्यावर माणसाचे अवधान रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखे मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. आपली मुलगी तर चोवीस तास जागून, पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावरून येते. ड्युटी संपल्यावर तिने एसटीने यावे किंवा घरातील कोणीतरी तिला आणायला जावे, एवढे मात्र आजपासूनच ठरवा.

चिडचिड बरीचशी अपुऱ्या झोपेची असेल. परंतु सुट्टीच्या दिवशीही ती उदास राहिली, जेवणावरची वासना उडाली किंवा रडू येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे. ड्युटीहून आल्यावर मात्र खोलीत अंधार करून तिला झोपू द्या, आणि जेवायची वेळ झाली किंवा मुंबईचे पाहुणे आले म्हणून उठवू नका.