एमडीला फॉरेन्सिक घेऊ का?

प्रश्न : मी इंटर्नशिप करते आहे. नीट-पीजीच्या गुणांवर एमडी फॉरेन्सिक मेडिसिन (न्यायवैद्यकशास्त्र) मिळेल असं दिसतं. विषय आवडतो, पण घरचे म्हणतात, ‘डॉक्टर होऊन मढी कापत बसणार का?’ शिवाय प्रॅक्टिस नाही. तुम्ही याच विषयाच्या प्राध्यापक आहात, म्हणून विचारते. (एक वाचक)

उत्तर : आवडतो म्हणता, तर जरूर घ्या. मात्र काय घेताय ते नीट पाहून घ्या.

घरच्यांना सांगा, आमच्याकडे जिवंत माणसंही येतात. मारहाणीतले जखमी येतात, वय ठरवायला पोरं आणतात, अत्याचार झालेल्या मुली येतात. त्या मुलीची तपासणी तिच्या, किंवा ती लहान असेल तर पालकांच्या, संमतीनेच होते आणि अहवाल 7 दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जावा लागतो. ‘टू-फिंगर टेस्ट’ (मुलगी शरीरसंबंधांना ‘सरावलेली’ आहे का, हे दोन बोटांनी तपासणं) करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं. वर्गात हे शिकवताना मी कधीच घाई करत नाही. उद्या रात्रपाळीला एकटा असलेल्या एमबीबीएस डॉक्टरसमोरच ती मुलगी येऊन बसणार असते.

आता पोस्टमॉर्टेमच्या टेबलाबद्दल. गळफासाची केस घ्या. लटकलेल्या माणसाच्या गळ्यावरचा वळ बहुधा कंठाच्या वर असतो, तिरका चढत जातो आणि गाठीपाशी तुटतो. गळा आवळलेला असेल तर वळ खाली, आडवा, सगळ्या बाजूंनी फिरलेला. अशा केसमध्ये मान आम्ही सर्वांत शेवटी उघडतो. आधी डोकं आणि छाती उघडून रक्त निचरू द्यायचं. नाहीतर आमच्याच सुरीने मानेत रक्त साकळतं आणि तो आवळल्याचा पुरावा वाटू लागतो. रेसिडेंट इथे घाई करू लागला की मी त्याला थांबवते. पोस्टमॉर्टेम झालं की नातेवाईक देह घेऊन जातात, अंत्यसंस्कार होतात, परत बघायला काही उरत नाही.

साक्षीचं समन्स मात्र कधी कधी काही वर्षांनी येतं. तोवर चेहरा आठवत नसतो, हातात फक्त आपला रिपोर्ट. बचाव पक्षाचे वकील विचारतात, ‘वळाची रुंदी किती होती?’ त्या दिवशी मोजून लिहिली असेल तर उत्तर आहे. नसेल तर एखादा निर्दोष माणूस अडकू शकतो, किंवा खुनी सुटू शकतो. या विषयावर माझा जीव जडला तो या जबाबदारीमुळेच.

प्रॅक्टिस नाही, हे खरं. पगारावर राहायचं. एमडीची 3 वर्षं, मग सीनियर रेसिडेंट, सहायक प्राध्यापक, सहयोगी, प्राध्यापक अशी वाट आहे. बढतीला शोधनिबंध लागतात.

चॉइस भरण्याआधी एक करा. तुमच्या विभागातल्या सरांची किंवा मॅडमची खुनाच्या खटल्यात साक्ष असेल, तर परवानगी घेऊन कोर्टात बसा आणि उलटतपासणी शेवटपर्यंत ऐका. तिथे उभं राहावंसं वाटलं, तर फॉरेन्सिक पहिल्या क्रमांकावर टाका.